ऋतू नक्की कधी सुरू होतो? सूर्य, चांद्रमास, हवामान खाते आणि मृग नक्षत्र

प्रश्न असा आहे: शाळेत तीन ऋतू शिकवतात, पंचांगात सहा असतात आणि हवामान खाते चार मानते. वसंत कुणी गुढीपाडव्याला सुरू करतो, कुणी २१ मार्चला, तर राष्ट्रीय दिनदर्शिकेत तो २० फेब्रुवारीलाच लागलेला असतो. मग यातले बरोबर कोणते?

सगळेच बरोबर, कारण प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे. कुणी सूर्याची आकाशातली जागा मोजतो, कुणी चांद्रमास, कुणी नक्षत्र, कुणी इंग्रजी महिन्यांवर बसवलेली सरासरी आणि कुणी प्रत्यक्ष पडलेला पाऊस. घोळ होतो तो एका पद्धतीतले नाव उचलून त्याला दुसऱ्या पद्धतीतली तारीख चिकटवली की. म्हणून आधी प्रत्येक पद्धत नेमके काय मोजते ते पाहू.

सूर्याची मोजणी

पृथ्वीचा अक्ष तिच्या कक्षेच्या लंबाशी सुमारे २३ अंश २६ कलांनी (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला) कललेला आहे. वर्षभर तो आकाशात एकाच दिशेला रोखलेला राहतो, त्यामुळे सहा महिने उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि सहा महिने दक्षिण गोलार्ध. ऋतूंचे मूळ कारण एवढेच. सूर्य जवळ आला की उन्हाळा ही समजूत पुष्कळांच्या डोक्यात पक्की बसलेली असते, पण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. सर्वांत दूर असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. म्हणजे आपण स्वेटर घालतो त्या दिवसांत सूर्य जवळच असतो.

सूर्य वर्षभरात क्रांतिवृत्तावर, म्हणजे आकाशातल्या त्याच्या वार्षिक मार्गावर, ३६० अंश फिरलेला दिसतो. या वर्तुळावर निसर्गानेच खुणा केलेले चार बिंदू आहेत. ० अंश म्हणजे वसंत संपात (२० किंवा २१ मार्च), ९० अंश म्हणजे दक्षिणायनाचा आरंभ (२१ जूनच्या सुमारास), १८० अंश म्हणजे शरद संपात (२२ किंवा २३ सप्टेंबर) आणि २७० अंश म्हणजे उत्तरायणाचा आरंभ (२१ किंवा २२ डिसेंबर). तारीख एखाद्या दिवसाने मागेपुढे होते, कारण वर्ष ३६५ दिवसांवर पावणेसहा तासांहून थोडे अधिक असते आणि ती बाकी आपण चार वर्षांनी एक दिवस वाढवून फेडतो.

या चार तुकड्यांचे अंतर अंशांत सारखे असले तरी दिवसांत सारखे नाही. मार्च ते जून सुमारे ९२.८ दिवस, जून ते सप्टेंबर ९३.६, सप्टेंबर ते डिसेंबर ८९.८ आणि डिसेंबर ते मार्च ८९.० दिवस. जानेवारीत पृथ्वी सूर्याजवळ असते म्हणून ती वेगाने पुढे सरकते, जुलैत रेंगाळते. कुणी ३६५ ला चाराने भागून ऋतूंच्या तारखा काढल्या तर दोन-चार दिवसांची चूक हमखास येते. हिशेब करताना दिवस मोजू नयेत, अंश मोजावेत.

संपाताच्या दिवशी दिवस-रात्र अगदी समान असतात हेही पूर्ण खरे नाही. सूर्योदय मोजतात तो सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर दिसते तेव्हापासून, आणि वातावरणातल्या वक्रीभवनामुळे बिंब प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३४ कला वर उचललेले दिसते. त्यामुळे महाराष्ट्रात त्या दिवशी दिवस रात्रीपेक्षा काही मिनिटांनी मोठाच असतो. एकूण फरकही आपल्याकडे लहान आहे: मुंबईत सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा.

चार बिंदू ठरले, तरी ऋतू त्या बिंदूपाशी सुरू करायचा की तो बिंदू ऋतूच्या मध्यावर धरायचा, हे माणसाने ठरवायचे असते. २१ जूनला 'उन्हाळ्याचा पहिला दिवस' म्हणण्याची रीत युरोप-अमेरिकेत रूढ आहे, पण इंग्लंडात २४ जूनला उन्हाळ्याचा मध्य म्हणण्याची जुनी रीतही आहे. चीन-जपानकडच्या पारंपरिक गणनेत वसंत ४ फेब्रुवारीच्या सुमारास, सूर्य ३१५ अंशांवर असताना लागतो, म्हणजे संपात वसंताच्या बरोबर मध्यावर येतो. आपल्या सहा ऋतूंच्या सौर मांडणीतही संपात वसंताच्या मध्यावरच आहे.

सहा ऋतू, सायन हिशेबाने

सायन म्हणजे वसंत संपातापासून मोजलेले. या वर्तुळाचे ६० अंशांचे सहा भाग करा. वसंत ३३० ते ३० अंश, ग्रीष्म ३० ते ९०, वर्षा ९० ते १५०, शरद १५० ते २१०, हेमंत २१० ते २७० आणि शिशिर २७० ते ३३०. उत्तरायण शिशिराच्या आरंभी लागते, दक्षिणायन वर्षाऋतूच्या आरंभी. आयुर्वेदातला आदानकाळ (सूर्य बळ काढून घेतो तो) आणि विसर्गकाळ (बळ परत मिळते तो) हा विभाग नेमका या दोन बिंदूंवरून पडतो.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. १९५५ च्या तिच्या अहवालातून आजची राष्ट्रीय दिनदर्शिका आली. ती २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून लागू झाली. समितीने ऋतूंना हीच सायन मांडणी दिली, आणि महिने सूर्याच्या चालीला जुळवून घेतले: वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे, चैत्र ३० दिवसांचा पण लीप वर्षी ३१ दिवसांचा. उन्हाळ्याकडचे महिने मोठे का, याचे उत्तर वर आले आहे: त्या काळात सूर्य सावकाश सरकतो.

या दिनदर्शिकेत वसंत म्हणजे फाल्गुन आणि चैत्र, २० फेब्रुवारी ते २० एप्रिल. ग्रीष्म २१ एप्रिल ते २१ जून, वर्षा २२ जून ते २२ ऑगस्ट, शरद २३ ऑगस्ट ते २२ ऑक्टोबर, हेमंत २३ ऑक्टोबर ते २१ डिसेंबर, शिशिर २२ डिसेंबर ते १९ फेब्रुवारी. घरच्या कुणाला सौर ऋतू हवा असेल तर या तारखा भिंतीवर लावून ठेवाव्यात, दरवर्षी बदलत नाहीत.

नेमकेपणाने काढायचे असेल तर पंचांगातला त्या दिवसाचा स्पष्ट रवी, म्हणजे सूर्याचे नेमके स्थान, घ्या. तो निरयन असतो, म्हणजे ताऱ्यांमधल्या स्थिर आरंभबिंदूपासून मोजलेला. त्यात अयनांश, म्हणजे हा बिंदू आणि वसंत संपात यांमधले अंतर, मिळवा. चित्रा ताऱ्यावरून आरंभ ठरवणाऱ्या चित्रापक्षाचे अयनांश सध्या २४ अंशांच्या जरा वर आहेत. समजा १५ ऑगस्टला रवी ३ राशी २८ अंश दिला आहे. राशींचे अंश करून ११८ झाले, त्यात सुमारे २४ मिळवले की १४२. वर्षाऋतू ९० ते १५० अंशांचा, तेव्हा अजून आठ दिवसांचा वर्षाऋतू शिल्लक आहे. यात सर्रास होणारी चूक म्हणजे अयनांश न मिळवणे. मग ११८ अंश पाहून माणूस वर्षाऋतूचा मध्य समजतो आणि शरदाचा आरंभ तीन आठवड्यांनी पुढे ढकलतो.

चांद्रमासांचे ऋतू आणि ते का घसरले

आपल्या तोंडी बसलेली यादी वेगळी आहे: चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. संकल्पात उच्चार होतो तो बहुधा याच ऋतूंचा. इथे महिने चांद्र आहेत. बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्षापेक्षा जवळपास ११ दिवसांनी लहान. म्हणून महिने दरवर्षी ११ दिवस मागे येतात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घालून पुन्हा पुढे ढकलले जातात. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला. ऋतूचा आरंभही तसाच हलत राहतो.

याचा परिणाम प्रत्यक्षात काय होतो ते २०२४ वर तपासून पाहा. त्या वर्षी वैशाख अमावास्या ६ जूनला होती. चांद्र गणनेने वसंत ९ एप्रिल ते ६ जून. विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकलेला सबंध मे महिना वसंतात गेला. ग्रीष्म लागला ७ जूनला, मुंबईत मान्सून दाखल झाला ९ जूनला, आणि हा ग्रीष्म संपला ४ ऑगस्टच्या आषाढ अमावास्येला. म्हणजे जुलैचा धो धो पाऊस ग्रीष्मात. २०२६ मध्ये तर १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिना त्याच नावाच्या ऋतूत धरतात, त्यामुळे ग्रीष्म तीन महिन्यांचा होऊन १७ मेपासून १२ ऑगस्टपर्यंत जातो. सायन मांडणीत मात्र वर्षाऋतू २२ जूनला लागतो आणि मान्सूनच्या ऐन भराशी बऱ्यापैकी जुळतो.

पूर्वजांना ऋतू कळत नव्हते असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्यांनी जोडी जुळवली तेव्हा ती जुळतच होती. घसरण नंतरची आहे, आणि तिचे कारण संपातचलन.

पृथ्वीचा अक्ष फार सावकाश डोलतो. त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षाला सुमारे ५० विकला मागे सरकतो, ७२ वर्षांत एक अंश. म्हणून वर्षे दोन प्रकारची होतात. संपातापासून संपातापर्यंतचे सायन वर्ष ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे ४५ सेकंदांचे असते, आणि एका ताऱ्यापासून पुन्हा त्याच ताऱ्यापर्यंतचे नाक्षत्र वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटे १० सेकंदांचे. ऋतू चालतात सायन वर्षाने. पण चैत्र कुठला हे ठरते निरयन मेष संक्रांतीवरून, आणि ती नाक्षत्र वर्षाने चालते. फरक वीस मिनिटांचाच, पण ७२ वर्षांत त्याचा एक दिवस होतो आणि दोन हजार वर्षांत महिन्याच्या जवळ जातो.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, चित्रापक्षाच्या गणिताने, निरयन मेषारंभ आणि वसंत संपात एकाच जागी होते. चांद्र चैत्र तोच, ज्यात मेष संक्रांत येते. म्हणजे त्या काळी पाडवा फेब्रुवारीच्या विशीपासून मार्चच्या विशीपर्यंत कुठेतरी पडत असे, आणि चैत्र-वैशाखाची जोडी सायन वसंताला धरून राहत असे. आज मेष संक्रांत १४ एप्रिलच्या आसपास येते. पाडवा त्यामुळे मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत फिरतो. ऋतूंची नावे महिन्यांना चिकटून राहिली, महिने ताऱ्यांना चिकटून राहिले आणि ऋतू मात्र संपाताबरोबर मागे गेला.

मकर संक्रांतीचेही हेच. त्या दिवशी सूर्य उत्तरेकडे वळतो असे आजही छापले जाते, पण वळण २१-२२ डिसेंबरलाच होऊन गेलेले असते. १४-१५ जानेवारीला सूर्य निरयन मकर राशीत जातो, एवढेच. सण त्या दिवशी करायला काहीच हरकत नाही, फक्त त्याला उत्तरायणाचा आरंभ म्हणू नये. संक्रांतीची तारीखही स्थिर नाही. १४ जानेवारी १७६१ या पानिपतच्या दिवशी संक्रांत होती असे सर्रास ऐकू येते, मात्र गणिताने त्या वर्षी मकरप्रवेश १० जानेवारीच्या आसपास येतो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारखे अभ्यासक एकोणिसाव्या शतकातच सायन पंचांगाचा आग्रह धरत होते, आणि ऋतूंच्या बाबतीत तो आग्रह माझ्या मते पूर्णपणे रास्त होता. सणांच्या तिथी परंपरेने ठेवाव्यात, ऋतू मात्र सायनच मोजावा.

सहा हा आकडाही अढळ नाही. वैदिक वाङ्मयात काही ठिकाणी हेमंत-शिशिर एकत्र धरून पाच ऋतू सांगितले आहेत. सुश्रुताच्या एका गणनेत शिशिर गाळून पावसाच्या तोंडाला 'प्रावृट्' नावाचा ऋतू घातला आहे, कारण दोषांचा संचय आणि प्रकोप समजावायला तो विभाग अधिक उपयोगी पडतो. वैद्य ऋतूची कड एका दिवसावर धरतही नाहीत: सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात असे चौदा दिवस ऋतुसंधी मानून आहार-विहार हळूहळू बदलायला सांगतात.

सूर्य तोच, हवा वेगळी

इथवर फक्त सूर्य-चंद्राचा हिशेब झाला. पण मुंबईत साधारण १५ मेला आणि पुन्हा २७-२८ जुलैला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. दोन्ही दिवशी उन्हाची तिरीप तीच, दिवसाची लांबीही तीच. तरी एक दिवस घामाच्या धारांचा आणि दुसरा पावसाच्या धारांचा. मधल्या काळात मान्सून आलेला असतो. ढगांमुळे आपल्याकडे तापमानाचा कळस २१ जूनच्या आधीच गाठला जातो: पुण्यात एप्रिलची सरासरी मेपेक्षा थोडी चढी, नागपूर-चंद्रपूरकडे मे. समशीतोष्ण देशांत उलटे, तिथे जमीन आणि समुद्र तापायला वेळ लागतो म्हणून कळस जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणूनच मार्च-जून-सप्टेंबर-डिसेंबरचे युरोपीय चौकोनी गणित आपल्या हवेला बसत नाही.

भारतीय हवामान विभागाने, जो १८७५ मध्ये स्थापन झाला, आपल्या हवेप्रमाणे चार हंगाम केले आहेत: जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मान्सून, ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर. सबंध महिने घेतल्याने पिढ्यान्‌पिढ्यांची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवता येते. ही सांख्यिकीची सोय आहे, आणि तिच्याकडे तसेच पाहावे.

पहिला खड्डा डिसेंबरचा. निफाड, पुणे, परभणी यांच्या कडाक्याच्या पुष्कळ रात्री डिसेंबरात येतात, पण खात्याच्या मांडणीत त्या मान्सूनोत्तर हंगामात मोजल्या जातात. थंडीचा हंगामी अंदाज मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी असा दिला जातो. त्यामुळे 'हिवाळ्याची सरासरी' असा आकडा दिसला की आधी कोणते महिने धरले आहेत ते पाहा. दोन बातम्यांतला विरोध बहुतेकदा तिथेच मिटतो. 'मान्सूनोत्तर' हे नावही तमिळनाडूला लागू पडत नाही. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मान्सूनमध्येच पडतो.

दुसरा आणि मोठा घोळ हंगाम आणि आगमन यांचा. हंगाम १ जूनला सुरू होतो, मान्सून आला असो वा नसो. आगमन मात्र निरीक्षणांवरून जाहीर होते, आणि त्याचे निकष काटेकोर आहेत. १० मेनंतर मिनिकॉय, तिरुवनंतपुरम, कोची, कोळिकोड, मंगळुरू अशा ठरलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला पाहिजे. पश्चिमेकडून येणारे वारे हवेचा दाब ६०० हेक्टोपास्कल भरतो त्या उंचीपर्यंत खोल असले पाहिजेत, खालच्या थरात ९२५ हेक्टोपास्कलला त्यांचा वेग १५ ते २० नॉट हवा. आणि ढगांच्या दाट थरामुळे पृथ्वीकडून अवकाशात जाणारे उष्णतेचे उत्सर्जन ठरावीक पट्ट्यात चौरस मीटरमागे २०० वॅटच्या खाली उतरलेले असले पाहिजे. हे सगळे जमले की त्या दोन दिवसांपैकी दुसऱ्या दिवशी केरळात मान्सून दाखल झाल्याचे जाहीर होते.

इतकी कडक अट का? कारण नुसता पाऊस फसवतो. मेमध्ये अरबी समुद्रात एखादे चक्रीवादळ झाले तरी केरळात दोन दिवस चांगला पाऊस पडतो, आणि वादळ गेले की वारे पुन्हा कोरडे. वाऱ्याची खोली आणि ढगांचा विस्तार तपासला की हा दिखाऊ पाऊस बाजूला काढता येतो. आपल्याकडच्या वळिवाचेही तसेच आहे. वळीव दुपारनंतर येतो, आधी उकाडा, मग उंच वाढलेले ढग, वावटळ, विजा, कधी गारा, आणि तासाभरात आकाश मोकळे. एका शिवारात तळे तर शेजारच्या गावात धूळ. मान्सूनचा पाऊस पश्चिमेच्या स्थिर वाऱ्यावर येतो, ढग खाली उतरलेले असतात, दिवस-रात्रीचा भेद न करता पडतो आणि दुपारचे तापमान एकदम खाली आणतो.

केरळसाठी आगमनाची सामान्य तारीख १ जून. २०२० मध्ये खात्याने देशभरच्या तारखा सुधारल्या तेव्हा ती तशीच राहिली. मुंबईची १० ऐवजी ११ जून झाली. जास्त बदल परतीत झाला: वायव्य राजस्थानातून माघारीचा आरंभ १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरला गेला, मुंबईतून माघार सप्टेंबरच्या अखेरीवरून ८ ऑक्टोबरला. ऑक्टोबरातला पाऊस 'अवकाळी' म्हणून नोंदवण्याआधी ही तारीख आठवावी. मान्सून अजून गेलाच नसेल तर तो परतीचा पाऊस असतो. माघार जाहीर करायलाही निकष आहेत: १ सप्टेंबरनंतर सलग पाच दिवस पाऊस नसणे, खालच्या थरात प्रतिचक्रवात (जास्त दाबाच्या क्षेत्राभोवती फिरणारे वारे) तयार होणे आणि हवेतला ओलावा ठळकपणे घटणे.

सामान्य तारीख ही सरासरी आहे, प्रत्यक्ष वर्ष तिच्यापासून किती हलते पाहा. २०२३ मध्ये मान्सून केरळात ८ जूनला आणि मुंबईत २५ जूनला आला. २०२५ मध्ये केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला. म्हणजे मुंबईसाठी दोन वर्षांत तब्बल महिन्याचा फरक. आणि २०२५ च्या मेअखेरचा तो सगळा पाऊस मान्सूनचा असूनही आकडेवारीत मान्सूनपूर्व हंगामात मोजला गेला, कारण मोसमी बेरीज १ जूनपासून सुरू होते. देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर, १९७१ ते २०२० या वर्षांची, तीही जून ते सप्टेंबरचीच. धरण भरले आणि टक्केवारी कमी, असे दिसले तर हेही एक कारण तपासून पाहावे.

रोजच्या आकड्याचाही एक बारकावा. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. १२ जूनच्या नावावर दिसणारा आकडा ११ तारखेच्या सकाळी साडेआठपासून १२ च्या साडेआठपर्यंतचा असतो. घरचे पर्जन्यमापक मध्यरात्री शून्यावर आणले तर सरकारी आकड्याशी ते कधीच जुळणार नाही.

पावसाची नक्षत्रे

शेतकऱ्याचा पावसाळा नक्षत्रांवर चालतो. सूर्य एका नक्षत्रात १३ अंश २० कला, म्हणजे १३-१४ दिवस असतो. रोहिणी साधारण २५ मेला, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला, आश्लेषा २-३ ऑगस्टला, मघा १६-१७ ऑगस्टला, मग पूर्वा, उत्तरा, आणि २७ सप्टेंबरच्या आसपास हस्त. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा. या विभागणीचा गुण असा की ती चांद्रमासांसारखी महिनाभर मागेपुढे हलत नाही. अधिक महिना असो नसो, मृग जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच लागतो. कामाचे वेळापत्रक लावायला म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

तिची मर्यादाही समजून घ्यावी. नक्षत्रेही निरयन आहेत, तीही ७२ वर्षांत एका दिवसाने पुढे सरकतात. मृगाचा पाऊस म्हणजे सूर्य मृगात असताना पडलेला पाऊस. तो कुठून आला, वळीव की मान्सून, हे नक्षत्र सांगत नाही. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला दिलेले बेडूक, म्हैस, हत्ती हे वाहन गणिताने काढलेले असते, वाऱ्याचे निरीक्षण करून नव्हे. त्यावर पेरणी ठरवू नये.

पेरणी ठरवावी ती मातीतल्या ओलीवर. कृषी विभागाची आणि विद्यापीठांची शिफारस सोयाबीन, कापूस, तूर अशा खरीप पिकांसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि वाफसा (माती ओलसर पण भुसभुशीत) आल्यावर पेरण्याची आहे. मृग लागला, ३० मिलिमीटरचा एक चांगला सडाका झाला आणि चाड्यावर मूठ धरून पेरणी सुरू केली, की काय होते ते ठरलेले आहे: वरची चार बोटे माती ओली, खाली कोरडी. बी फुटते, पुढे दहा दिवस उघडीप पडते, कोंब वाळतो आणि दुबार पेरणी येते. मोजमाप शेतातच करता येते. सरळ कडांचा, बूड सपाट असलेला डबा झाड-भिंतीपासून दूर ठेवा, रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, लिहून ठेवा आणि डबा रिकामा करा. एक मिलिमीटर म्हणजे एकरी जवळपास चार हजार लिटर पाणी. आकडे साठले की ७५ चा पल्ला कधी गाठला ते अंदाजाने सांगावे लागत नाही. सकाळच्या मोजणीआधी बाष्पीभवनाने थोडे पाणी कमी होते, म्हणून कडक उन्हात डबा रिकामा होईपर्यंत वाट पाहू नका, पाऊस थांबला की मोजा आणि दिवसाची बेरीज करा.

नक्षत्रांच्या जोडीला कृषी हवामानशास्त्रात प्रमाण हवामान आठवडे वापरतात. १ ते ७ जानेवारी पहिला, ४ ते १० जून तेविसावा, ११ ते १७ जून चोविसावा. कृषी सल्ल्याच्या पत्रकात 'आठवडा २४' असे आले की मृगाचा मधला भाग समजावा.

दक्षिण गोलार्धातले मराठी घर

मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी कुटुंबे आहेत, ऑस्ट्रेलियात नवी गेली आहेत. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर, म्हणजे मुंबई उत्तरेला जितकी दूर जवळपास तितकेच. तिथे उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल आणि थंडी जून ते सप्टेंबर, मे आणि ऑक्टोबर हे मधले महिने. गणपती येतात ते थंडीच्या अखेरीला. सूर्याचे अंश, तिथी, नक्षत्र हे सगळे तेच राहते, कारण ते आकाशातले आहे. उलटतो तो फक्त हवेचा ऋतू. त्यामुळे संकल्पात पंचांगातलाच ऋतू म्हणावा, पण ऋतुचर्या, बागकाम, पेरणी यांच्यासाठी सायन अंशांत १८० मिळवून ऋतू वाचावा. १५ ऑगस्टचे १४२ अंश अशा प्रकारे ३२२ होतात, म्हणजे तिथे शिशिराचे शेवटचे दिवस. ऑस्ट्रेलियाचे हवामान खाते सबंध महिने धरते: उन्हाळा १ डिसेंबरपासून, थंडी १ जूनपासून. तिथल्या उत्तर भागात, डार्विनकडे, लोक व्यवहारात ओला आणि कोरडा असे दोनच हंगाम मानतात. ओला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि त्या भागासाठी हीच विभागणी जास्त उपयोगी आहे.